शेकडा चाळीस

(नांदेड इथं तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



कविता ऐकायला आला असाल तर आज कविता नाही. मी मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत माल उचलतो. मॅट्रिक झालोय. ओझं उचलायचं म्हटलं की आमच्यात चार जण पुढं येतात, मुकादम हजेरी मांडतो, संध्याकाळी पैसे मिळतात. ज्या घरात अपंग लेकरू आहे त्या घरात टोळी नाही, हजेरी नाही, सुट्टी तर नाहीच नाही. एक बाई असते आणि तिचं लेकरू असतं. लेकरू ओझं नाही, हे आधी नीट ऐका. ओझं आहे ते बाकीचे सगळे बाजूला झाले त्याचं.

आपण मोर्चे काढतो, वस्तीतनं माणसं गोळा करतो. या बाया मोर्चात नसतात. सभेलाही नसतात. कधी विचारलंय का कुणी, की का नाहीत? लेकराला कुणाजवळ ठेवायचं? मी एकीला विचारलं, अक्का, तुला काय पाहिजे. मला वाटलं पैसे म्हणेल, खुर्ची म्हणेल. ती म्हणली, "बाबा, दोन घंटे कुणी याच्याजवळ बसलं तर मी सुखानं आंघूळ करीन."

एवढीच मागणी. दोन घंटे.

आता वस्ती काय करते ते सांगतो, कारण सरकारला शिव्या देणं सोपं आहे. वस्ती म्हणते मागच्या जन्माचं पाप. आमच्याच वस्तीत, जिथं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, तिथं म्हणतात. अरे, हेच पाप आपल्या हजार पिढ्यांच्या गळ्यात बांधलं होतं ना? गावकुसाबाहेर का, तर मागच्या जन्माचं कर्म. ते आपण फेकलं आणि शेजारणीच्या लेकरासाठी परत उचलून आणलं. सासू सुनेला बोल लावते, नवरा दुसरी करायच्या गोष्टी करतो, कुणी अंगारा आणतं. मेंदूचा पक्षाघात, ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, त्याची कारणं साधी आहेत. लेकरू वेळेआधी जन्मतं, फार कमी वजनाचं असतं, जन्मताना गुदमरतं, जन्मल्यावर कावीळ मेंदूपर्यंत चढते. म्हणजे कुपोषित बाई, लांबचा दवाखाना, न मिळालेली गाडी. हे पाप कुणाचं ते तुम्हीच ठरवा.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गाडली गेली, कित्येकांचे हातपाय गेले. त्या वेळी जगातनं मदत आली, ट्रकच्या ट्रक आले. चांगलं झालं. पण भूकंप एकाच घरात झाला, कुणाला आवाज ऐकू आला नाही, तर तिथं ट्रक येत नाही.

आता कागदाचं. हे जरा लांबेल, ऐका, कारण सगळा खेळ कागदाचा आहे.

१९९५ साली पहिला अपंग कायदा झाला, त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ साली नवा कायदा झाला, त्यात एकवीस आहेत. स्वमग्नता आहे, थॅलेसेमिया आहे, सिकलसेल आहे. सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला फुकट शिक्षणाचा हक्क आहे, शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. पण हे सगळं कुणाला? ज्याचं अपंगत्व शेकडा चाळीस किंवा वर आहे त्याला. मॅट्रिकला आम्ही पस्तीसवर पास झालो. इथं चाळीस लागतात, आणि पेपर तपासायला डॉक्टर ठराविक वारी बसतो.

मी एका बाईबरोबर गेलो होतो. दवाखान्याचं नाव घेत नाही. नऊ वर्षांचा पोरगा, पाय कात्रीसारखे आवळलेले, मान सावरत नाही. पहाटे पाचची एसटी. पोरगा तिच्या पाठीवर, माझ्या हातात पिशवी. मी म्हटलं द्या माझ्याकडं, रोज पोती उचलतो मी. देईना. म्हणली, तो परक्याकडं गेला की आखडतो. नऊ वर्षं ती हेच वजन उचलते, आणि वजन दरवर्षी वाढतं. गोदीत पोत्याचं वजन वाढत नाही. रांगेत अकरा वाजले. मग कळलं, मेंदूचा डॉक्टर आज नाही, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात गेलो तर आधार कार्डातलं नाव आणि फॉर्मातलं नाव जुळेना. आधार दुरुस्त करायला गेलो तर पोराची मूठ उघडेना, मशीन ठसा घेईना. मशीनवरचा पोरगा म्हणाला, हात सरळ करा याचा. अरे, सरळ झाला असता तर आलो कशाला असतो?

तिचे तीन रोज बुडाले. शेतमजूर बाई. एसटीत अपंगांना पंचाहत्तर टक्के सवलत आहे, पण ती दाखला मिळाल्यावर. दाखला काढायच्या फेऱ्यांना ती नाही. आणि आपल्या लोकांना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, त्यावर हा अपंगाचा. एका लेकराच्या मागं चार दाखले.

कुणी म्हणेल मदत करणाऱ्या संस्था आहेत की. आहेत. लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी 'संवेदना' केंद्र आहे. ते जनकल्याण समितीचं आहे, म्हणजे संघपरिवाराचं. आपलं त्यांचं भांडण आहे आणि राहील. पण ज्या आईच्या पोराची मान तिथल्या व्यायामानं सावरली तिला मी विचारसरणी शिकवायला जाणार नाही. मी तुम्हाला विचारीन, आपलं केंद्र कुठाय? पन्नास वर्षांत आपण पुतळे उभे केले, विहार उभे केले. विहारात दुपारी कुलूप असतं. तिथं आठवड्यातनं दोन दुपारी चार लेकरं आणि चार आया बसल्या तर काय बिघडेल?

मुंबईत, गोदीच्या बाजूला शिवडीला जय वकील शाळा आहे. १९४४ साली एका पारशी जोडप्यानं काढली, कारण त्यांच्या पोरीला डाउन सिंड्रोम होता आणि तिला घेणारी शाळा नव्हती. १९७२ साली मिथू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी काढली, त्यांची मुलगी मालिनी सेरेब्रल पाल्सीची होती म्हणून. त्या लोकांकडं पैसा होता, इंग्रजी होतं, ओळखी होत्या. ते खरंय. पण सुरुवात आईबापानं केली, सरकारनं नाही, हेही खरंय. आणि आपली बाई काय करते? रात्रीच्या देवगिरीत जनरलच्या डब्यात लेकरू मांडीवर घेऊन बसते आणि हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत पोचते. तिथला डॉक्टर व्यायाम दाखवतो, महिन्यानं या म्हणतो. नांदेडहून महिन्यानं मुंबई! व्यायाम रोज लागतो, तोही वर्षानुवर्षं. तो घराशेजारीच व्हायला पाहिजे, नाहीतर झालाच नाही समजा.

शब्दाचंही बोलून टाकतो. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर 'दिव्यांग' शब्द दिला. २०२२ साली महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभाग काढला. विभाग पाहिजेच होता. पण शब्द? आपल्याला हा खेळ माहीत आहे. आपल्यालाही एकदा देवाची माणसं म्हणाले होते. १९३८ साली 'हरिजन' शब्दावरून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबई विधानसभेतनं उठून गेले. हरिजन म्हटल्यानं पाणवठा खुला झाला नाही, दिव्यांग म्हटल्यानं कचेरीला उतार बांधला जात नाही. त्या बाईला मी विचारलं, तुझा पोरगा दिव्य आहे का गं? ती हसली. म्हणली, दिव्य कशाचा, हट्टी आहे बापासारखा.

कायद्यात काय काय लिहिलंय बघा. ज्याला जास्त आधार लागतो त्याच्या काळजीवाहकासाठी भत्ता, हा शब्द २०१६ च्या कायद्याच्या चोविसाव्या कलमात आहे. त्याच कलमात वर लिहिलंय, सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. ही मर्यादा दुसऱ्या कुठल्या खर्चाला आठवते का त्यांना? संजय गांधी निराधार योजनेत अपंगांना महिना १५०० मिळत होते, २०२५ मध्ये २५०० केले. वाढले, घ्या. पण तहसीलमध्ये अर्ज कुठल्या खिडकीत अडकलाय ते बाईला कोण सांगणार? ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, सगळ्यांनी आपल्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्च करायचे आहेत. नांदेड-वाघाळा महापालिकेला विचारा, लातूर महापालिकेला विचारा, तुमच्या गावच्या सरपंचाला विचारा. ग्रामसभेत उभं राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

आणि एक प्रश्न, जो प्रत्येक आई रात्री विचारते. मी गेल्यावर काय? पोरगं अठराचं झालं की कायद्यानं आईबाप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता, या चौघांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडनं पालक नेमून घेता येतो. त्या समितीत एक अपंग माणूसही असायला लागतो. हे किती आयांना माहीत आहे? मी विचारलं त्यातल्या एकीलाही नव्हतं.

हमाल विखुरलेला होता तोवर त्याला कुणी विचारत नव्हतं. एक या पेढीवर, एक त्या पेढीवर. अण्णासाहेब पाटलांनी त्याला एकत्र केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मग मंडळ आलं, नोंद आली, हजेरी आली. या आयाही तशाच विखुरलेल्या आहेत, एक या गल्लीत, एक त्या तांड्यावर. प्रत्येकीला वाटतं आपलं एकटीचंच नशीब फुटलं. त्यांना एका सतरंजीवर बसवा. भाषण करू नका तिथं, चहा करा आणि पोरं सांभाळा. बोलायचं ते त्या बोलतील, आणि मोर्चा काढायचा तर त्याच पुढं राहतील. आपण मागं.

दाखल्याच्या दिवशी बाईबरोबर एक पोरगा जायला पाहिजे, लिहिता-वाचता येणारा, खिडकीतल्याला न घाबरणारा. तुम्ही कॉलेजात शिकता, मोबाईलवर अर्ज भरता, मग हा अर्ज का नाही? सिनेमाला तीन तास देता त्यातले दोन त्या अक्काला द्या, तिला आंघोळ करू द्या.

मी मंगळवारच्या गाडीनं परत जातोय. दोन वस्त्यांची यादी मी केली आहे, अकरा घरं निघाली. बाकीच्या वस्त्या आत्ताच वाटून घेऊ. पेन कुणाकडं आहे?