बर्लिनमधल्या इरावतीबाई
इरावती कर्वे बर्लिनला शिकायला निघाल्या, तेव्हा सासरे महर्षी कर्वे यांना हा बेत पसंत नव्हता. पती दिनकर मात्र ठाम राहिले. त्यांनी स्वतः जर्मनीतच डॉक्टरेट घेतली होती.

बर्लिनच्या डालेम भागातल्या मानववंशशास्त्र संस्थेत मार्गदर्शक लाभले ऑयगेन फिशर. युरोपीयांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण त्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकातच सापडेल, असा फिशर यांचा कयास. इरावतीबाई एकेक कवटी घेऊन डावी-उजवी बाजू काटेकोर मोजत राहिल्या. वंशानुसार तसा फरक काही निघेना. परक्या शहरात, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध, त्यांनी तो निष्कर्ष प्रबंधात मांडला. केवढी ही हिंमत!

१९३० साली डॉक्टरेट मिळाली. फिशर १९३३ मध्ये, नाझी राजवटीत, बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले.