ओढ्याकाठी बसून राहा

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा. या दोन तारखांच्या मधले दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरे होतात. पुण्यातल्या पक्षीप्रेमींची पावलं या सुमारास सिंहगडाच्या पायथ्याकडे वळू लागतात. गडावर निघालेली मंडळी पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्याच्या ओढीनं वर जातात. आपल्याला मात्र खालीच, दरीतल्या ओढ्याच्या झाडीत थांबायचं आहे.

उजाडायच्या आत तिथं पोचावं. हिमालयात वीण आटोपून निळ्या डोक्याचा कस्तूर आणि निळसर हिरवा व्हर्डिटर माशीमार हिवाळ्यात सह्याद्रीत उतरतात. आपला टिकेलचा निळा माशीमार तर बारमाही इथलाच. पाठ निळी, छाती नारिंगी, पोट पांढरं. नवखा माणूस यांच्या मागे झाडीभर फिरतो आणि त्याला उडून जाणाऱ्या शेपट्या तेवढ्या दिसतात. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की जागा निवडा आणि बसा. ओढ्याचं पाणी उथळ साचलेलं हवं, वर एखादी आडवी फांदी हवी आणि सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून तिथं पडायला हवं. कपडे मातकट रंगाचे, मोबाइल बंद.

सुरुवातीला बराच वेळ काहीच घडत नाही. मग झाडीच्या शेंड्यांवर बारीक आवाज सुरू होतात. निखारांची टोळी येते. खालच्या फांद्यांवर नाचण शेपटीचा पंखा उघडून थिरकते, त्या हालचालीनं पानांआडचे किडे उठतात. शेजारी कोतवाल टपलेला असतोच. सुटलेला किडा तो हवेतच टिपतो. वेगवेगळ्या जातींचे पक्षी असे एकत्र चरतात, कारण खाणं उठवायला आणि शिक्र्यावर नजर ठेवायला जास्त डोळे मिळतात. पाहता पाहता ही वरात पुढे सरकते. ऊन तापून हवा वर चढू लागली की सर्पगरुड दरीवर घिरट्या घालू लागतो, त्याची लांबवर जाणारी शीळ ऐकू येते. तेव्हा मान वर करायची.

पण माझं मन अडकतं ते स्वर्गीय नर्तकाच्या आंघोळीत. पूर्ण वाढलेला नर पांढराशुभ्र, डोकं काळं आणि शेपटीला दोन लांबलचक फिती. तो काठावर उतरत नाही. फांदीवरून सरळ पाण्यावर झेपावतो, छाती जेमतेम बुडवतो आणि पुन्हा फांदीवर. परत झेप, परत फांदी. फिती त्याच्यामागून वळसा घेत येतात. मग बसल्या जागी तो एकेक पीस चोचीतून ओढून साफ करतो. उडालेलं पाणी कॅमेऱ्यात थेंबाथेंबानं टिपायचं तर सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याइतका वेग लागतो, आणि झाडीच्या सावलीत तेवढ्यासाठी आयएसओ चढवावाच लागतो. फोटोत थोडा नॉइज येईल, येऊ द्या. कॅमेरा पक्ष्याच्या उंचीला आणा, फोकस डोळ्यावर ठेवा.

आता जे सांगणार आहे ते मला फार महत्त्वाचं वाटतं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला समोर बोलावण्याची पद्धत बोकाळली आहे. नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. चरणं सोडून तो त्या नसलेल्या शत्रूला शोधत राहतो. वीण चालू असेल तर तेवढा वेळ पिलांचं खाणं थांबतं. त्याहून वाईट म्हणजे घरट्याचे फोटो. या नर्तकाचं घरटं कोळिष्टकांनी बांधलेली छोटीशी वाटी असते. चित्र स्वच्छ यावं म्हणून आडव्या येणाऱ्या डहाळ्या छाटल्या, की पिलं उन्हात भाजतात आणि कावळ्याला, टकाचोराला आयती दिसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं धरलेलं आहे. बंदुकीला जो शब्द, तोच इथं.

घरट्यांचा अभ्यास करूच नये, असं नाही. सालिम अलींनी किहीमला १९३० च्या सुमारास सुगरणीची वसाहत निरखली. नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन तपासते, तिला पसंत पडलं तरच ते पुरं होतं आणि मग नर दुसऱ्या घरट्याला लागतो, हे त्यांनी पाहिलं. त्यासाठी ते महिनोन्‌महिने एका जागी बसले. एका फोटोपुरतं डोकावणं वेगळं आणि हे वेगळं.

दुपारी पक्षी सुस्तावले की डबा उघडा, ओढ्याला प्लॅस्टिक सोडू नका, आणि सकाळची टिपणं पुरी करा. धूसर आलेले फोटोही पुसू नका. पंखावरचा एखादा पट्टा, भुवईची पांढरी रेघ ओळख पटवायला पुरते. सोबत तारीख, वेळ, झाडाचं नाव आणि पक्षी काय करत होता ते लिहा. कस्तूर यंदा पहिल्यांदा कधी दिसला, याची अशी नोंद वर्षानुवर्षं जमत गेली, तर हिवाळी पाहुण्यांचं येणं लवकर होतंय की उशिरा, हे त्यातूनच कळणार आहे.