नाना फडणीस आणि नगरचा किल्ला

ज्यांना साऱ्या हिंदुस्थानची बातमी घरबसल्या कळत असे, त्या नाना फडणीसांना स्वतःवरचें संकट मात्र टाळतां आलें नाहीं. त्यांच्या यशाचें शिखर आणि त्यांचा बंदिवास, या दोहोंचीं स्थळें आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतच आहेत.

बाळाजी जनार्दन भानू हे पदानें फडणीस, म्हणजे हिशेबाचे अधिकारी. १७६१ सालीं पानिपतावरून ते जीव वांचवून परतले. सैन्य आणि पुणें यांमधील बातमीचा धागा तुटला म्हणजे काय अनर्थ होतो, हें त्यांनीं तेथें प्रत्यक्ष पाहिलें होतें. पुढें बारभाईंच्या कारभारांत ते अग्रणी झाले, तेव्हां वकील, अखबारनवीस आणि जासूद हेंच त्यांचें खरें सैन्य ठरलें. हैदराबादेहून गोविंदराव काळ्यांचीं पत्रें येत, तशींच इतर दरबारांतूनही येत. आलेल्या बातम्या पडताळून मगच नाना मसलत ठरवीत.

या पद्धतीचें फळ जामखेडनजीक खर्डा येथें दिसलें. ११ मार्च १७९५ रोजीं शिंदे, होळकर, भोसले आणि पटवर्धन एकत्र येऊन निजामाशीं लढले. निजामाला खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेऊन तहाची याचना करावी लागली.

परंतु नानांपाशीं स्वतःची फौज नव्हती. महादजी शिंदे व हरिपंत फडके १७९४ सालींच निवर्तले होते. १७९५ च्या ऑक्टोबरांत सवाई माधवरावही गेले. माहिती पूर्वीप्रमाणेंच येत राहिली. तिचें बळांत रूपांतर करणारे हात मात्र उरले नाहींत. ३१ डिसेंबर १७९७ रोजीं दौलतराव शिंद्यांच्या भेटीस नाना त्यांच्या छावणींत गेले. मायकेल फिलोज या युरोपीय सरदारानें त्यांच्या सुरक्षिततेची हमी दिली होती. त्याच फिलोजनें त्यांना कैद केलें. पुढें त्यांची रवानगी नगरच्या भुईकोट किल्ल्यांत झाली.

१७९८ सालीं मोठी रक्कम भरून नाना सुटले व पुन्हां कारभारांत आले. परंतु १३ मार्च १८०० रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांच्या कैदेला बरोबर पांच वर्षें झालीं त्या दिवशीं, ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, बाजीरावानें वसईच्या तहावर सही केली. पुढच्याच ऑगस्टांत नगरचा किल्ला इंग्रजांनीं घेतला.

शत्रूच्या मनांतलें जाणणें ही राज्याची अर्धी शक्ति होय. उरलेली अर्धी आपल्या माणसांच्या परस्पर विश्वासांत असते, आणि तो विश्वास कोणताही जासूद आणून देऊं शकत नाहीं.