स्वागताध्यक्षीय भाषण : मृगातील तेजोमेघाची हद्द

माननीय अध्यक्षमहाराज, देशोदेशींचे ज्योतिर्विद आणि जुन्नर तालुक्यातील बंधुभगिनींनो,

ज्या मुलखात द्राक्षांच्या मांडवांपलीकडे ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशाकडे मुख करून उभ्या आहेत, त्या खोडद-नारायणगावच्या शिवारात आपले स्वागत करताना मला मनःपूर्वक आनंद होत आहे.

आयुष्यभर मी शाळेत विज्ञान शिकवले, आणि दर हिवाळ्यात मुलांना मृगातील बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा तो धूसर ठिपका दाखवीत आलो. सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या तेजोमेघात मुख्यत्वे एका अतितप्त ताऱ्याचे जंबुपार किरण हायड्रोजनच्या अणूंतून इलेक्ट्रॉन हिरावून नेतात. निसटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा एखाद्या प्रोटॉनच्या आश्रयास येऊन पायरीपायरीने खाली उतरतो, तेव्हा त्या मेघाची ती तांबूस प्रभा उमटते. मात्र जेथे घन सेंटिमीटरला एकच कण आहे अशा विरळ अवकाशात या पुनर्मीलनासाठी त्याला सुमारे एक लाख वर्षे भटकावे लागते, हे मुलांना सांगताना माझाच कंठ दाटून येत असे.

मेघनाद साहांनी १९२० मध्ये तप्त वायूंच्या आयनीभवनाचे समीकरण मांडले, ते औष्णिक समतोलातील वायूंकरिता. ताऱ्याच्या दूरवरून येणाऱ्या क्षीण प्रकाशाला ते लागू करण्यासाठी त्यात योग्य तो फेरफार करून डेन्मार्कच्या बेंग्ट स्ट्रॉमग्रेन यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले की, ताऱ्याकडून येणारे किरण आणि पुनर्मीलन यांचा जमाखर्च जेथे जुळतो, तेथे आयनित प्रदेश हळूहळू विरत न जाता जवळजवळ एकाएकी संपतो. शून्यवत् भासणाऱ्या अवकाशात इतकी रेखीव हद्द असावी, याहून विस्मयकारक निष्कर्ष मला तरी ठाऊक नाही.

त्या हद्दीच्या अलीकडील मुक्त इलेक्ट्रॉनांचे रेडिओतरंग आणि पलीकडील उदासीन हायड्रोजनचा २१ सेंटिमीटरचा तरंग, दोन्ही आमच्या शिवारातील या ३० तबकड्या टिपू शकतात. डोंगरांच्या आडोशाने येथे मानवनिर्मित रेडिओतरंगांचा कोलाहल कमी पोचतो. आपणच त्यात भर घालू नये म्हणून भ्रमणध्वनी बंद ठेवावेत, अशी आपणांस नम्र विनंती आहे.

सरबराईत काही उणे राहिल्यास क्षमा असावी. भोजनोत्तर शाळेच्या गच्चीवर दुर्बिणीची तजवीज केली आहे. तेथे गावची मुले आपली वाट पाहत असतील, त्यांच्या प्रश्नांना आपण थोडा वेळ द्यावा. परिषदेच्या कार्यास आरंभ करावा, अशी मी अध्यक्षमहाराजांना प्रार्थना करतो.