वस्तीचा पत्ता, सहा आकड्यांत

(बीड येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मध्यरात्री शेतवस्तीवर कुणाला सर्पदंश झाला, तर १०८ क्रमांकावर आपण काय सांगतो? ‘मारुतीच्या पारापासून पुढे, लिंबाजवळ.’ ही खूण गावाला पुरते. दूरच्या कक्षात दूरध्वनी घेणाऱ्याला ती निरर्थक असते. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या कोप्यांना तर परक्या शिवारात तेवढीही खूण नसते. सप्टेंबर २०२५ च्या महापुरात खुणाच पाण्याखाली गेल्या.

यावरचा उपाय जुनाच आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर उभ्या-आडव्या रेषांची जाळी असते. तिचा दोन सेंटिमीटरचा चौकोन म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. चार आकडे चौकोन सांगतात. चौकोनाच्या बाजूंचे दहा भाग कल्पून दिलेले सहा आकडे शंभर मीटरपर्यंत नेतात. समजा, संदर्भ २३६४१८ आहे. उभी रेषा २३, तिच्या उजवीकडे सहा भाग; आडवी रेषा ४१, तिच्या वर आठ भाग. नियम एकच : आधी उजवीकडे, मग वर. क्रम उलटला, तर मदत सुमारे पंचवीस किलोमीटर भलतीकडे जाईल!

आकड्यांआधी नकाशाचा क्रमांकही सांगावा, कारण तेच आकडे अन्यत्र पुन्हा येतात. ७६ अंश पूर्व रेखांश आपल्या जिल्ह्यातूनच जातो; म्हणून बीड, आष्टी ४७ क्रमांकाच्या मालिकेत, तर केज, अंबाजोगाई, परळी ५६ च्या मालिकेत येतात.

नकाशा नसेल, तर भ्रमणध्वनी अक्षांश-रेखांश दाखवतो. बीड शहर साधारण १८.९९ उत्तर, ७५.७६ पूर्व. दशांशानंतर चार आकडे सांगितले, तर जागा दहा-अकरा मीटरपर्यंत निश्चित होते. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षरी ‘डिजिपिन’ सुमारे चार मीटरचा चौकोन दाखवतो. मात्र कोणत्या पद्धतीचा आकडा आहे, हे आधी सांगावे. पद्धतींची सरमिसळ करू नये.

संकटात आकडे शोधत बसणे शक्य नसते. म्हणून प्रत्येकाने आजच आपल्या वस्तीचे, शाळेचे, विहिरीचे आकडे दाराआड ठळक लिहावेत आणि घरातील मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. ऊसतोडीला निघालेल्या शेजाऱ्यालाही ही रीत शिकवूनच निरोप द्यावा. सेवेची तयारी संकटाआधीच करावी लागते.