दोन चांदूर, एक उतार

(चांदूर बाजार येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आज घरून निघताना शेजाऱ्यांनी विचारलं, "कोणत्या चांदूरला?" आपल्या जिल्ह्यात नुसतं चांदूर म्हणून भागत नाही. बाजार की रेल्वे, तेही सांगावं लागतं. एका गावाच्या नावाला त्याचा बाजार चिकटला, दुसऱ्याच्या नावाला आगगाडी. तुमचं नाव तुमच्या देवघेवीवरून पडलं. त्या चांदूरचं नाव मात्र मुंबईहून नागपूरला निघालेल्या इंग्रजी कंपनीच्या रुळांनी ठरवलं. 'इंग्रजी राज्य आणि आपण' असा विषय मला दिलाय. त्यासाठी प्लासीपर्यंत जायचं कारण नाही. या दोन पाट्यांपासून सुरुवात केली तरी पुरे.

आधी आपण इंग्रजांच्या हातात गेलो कसे ते पाहू. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं, झाशी गेली, अवध गेलं; पण वऱ्हाडचं प्रकरण वेगळं. आपला मुलूख खालसा झाला नाही, तो गहाण पडला. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या निजामाचं. त्याने इंग्रजांच्या हाताखालची एक फौज पोसायची होती, हैदराबाद कंटिन्जंट नावाची. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. पगार थकले, कर्ज चढलं, आणि १८५३च्या तहाने त्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६०च्या तहात ५० लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूरचा भाग निजामाला परत मिळाला. वऱ्हाड परत आलं नाही. कर्ज फिटलं तरी सावकार शेत सोडत नाही, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही! निजामाचे दिवाण सालारजंग १८७६ साली वऱ्हाड सोडवायला थेट विलायतेला गेले आणि हात हलवत परतले. १९०२मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाखांवर कायमचा पट्टाच लिहून घेतला आणि १९०३मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं. या सगळ्या कागदांवर सह्या हैदराबादच्या आणि कलकत्त्याच्या. शेत आपलं, सही आपली नाही.

इंग्रजांची इतकी चिकाटी कशासाठी? त्याचं उत्तर आपल्या काळ्या मातीत आहे. ही माती पऱ्हाटीची. रूळ येण्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवरून गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत जात असे, पाचशे मैल, तांडेच्या तांडे. १८२५-२६च्या सुमारास विकाजी आणि पेस्तनजी या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी पाचशे बैलांवर माल लादून तो पश्चिमेकडे वळवला. म्हणजे कापूस विकायला आपल्याला इंग्रजांनी शिकवलं नाही. व्यापार होता, सूतही होतं आणि विणकरही होते.

बदललं ते १८६१ साली. अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडावर पडली. चार वर्षं भाव असे चढले की शेतकऱ्याला सोनं दिसू लागलं. १८६५ला यादवी संपली, भाव कोसळला. सोनं गेलं, पऱ्हाटी राहिली. तोवर अमरावतीचं नाव लिव्हरपूलच्या कापूसबाजारात पोचलं होतं. तिथले दलाल वऱ्हाड-खानदेशच्या मालाला 'ऊमरा' म्हणत. उमरावतीचा अपभ्रंश तो. आपल्या गावाचं नाव सातासमुद्रापार गेलं, पण एका प्रतीचा शिक्का म्हणून.

मग यंत्रणा बसली. १८६७मध्ये रूळ नागपूरपर्यंत गेले. १८७०च्या मार्चमध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एका तालुक्याच्या गावी व्हाइसरॉय कशाला येतो? तिथे कापसाचा बाजार होता म्हणून. कापसासाठी खास कमिशनर नेमला होता, रिव्हेट-कार्नॅक. त्याने आपल्या अहवालात हिशेब स्वच्छ मांडलाय. रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आत येईल, इथल्या विणकराचं कापड पडेल, रिकामा झालेला विणकर शेतावर मजूर होईल, आणि कापसाचा पेरा वाढेल. इथे मला थांबावंसं वाटतं. हा माणूस क्रूर नव्हता, कामसू होता. एका घरातला माग बंद पडणं त्याच्या वहीत जमेच्या बाजूला होतं, एवढंच.

कोणी म्हणेल, पण रेल्वे दिली ना? दिली. पण रेल्वे कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती, आणि ती तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरली जायची. तुमच्या पलीकडची मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला गाडी आठवा. ती किलिक-निक्सन या इंग्रजी घराण्याच्या कंपनीची. देशातल्या रेल्वे राष्ट्राच्या झाल्या, तरी हिचे रूळ कंपनीचेच राहिले. गाडी आपली, डबे आपले, प्रवासी आपले, आणि रुळांचा वाटा कंपनीला. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं!

आता दुष्काळाकडे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड मोडलं. १८९१च्या शिरगणतीत वऱ्हाडात सुमारे २९ लाख माणसं होती, १९०१ला साडेसत्तावीस लाखांवर आली. खरं तर दहा वर्षांत माणसं वाढायला हवी होती. धान्य आणायला रेल्वे होती, पण विकत घ्यायला पैसा नव्हता. पूर्वी पेवात ज्वारी असायची. आता ज्वारीच्या जागी पऱ्हाटी, आणि पऱ्हाटी वाळली की हाती ना धान्य ना रोकड. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' असं आपण अभिमानाने म्हणतो. कुऱ्हाड सोन्याची असली तरी पायावर पडली की लागतेच. पण लोक गप्प बसले नाहीत. त्याच १८९७च्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे, अध्यक्ष शंकरन नायर. १९३०मध्ये दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी मिठाचा कायदा मोडला. ज्या पाण्याने शेत नासतं, त्याच पाण्याने सरकारला आव्हान दिलं.

आता एक गोष्ट जवळून सांगतो. माझे आजोबा बंडी भरून अमरावतीच्या बाजारात कापूस न्यायचे. रात्री निघायचं, पहाटे रांगेत लागायचं. लहानपणी एकदा मी त्यांच्यासोबत होतो. खरेदीदार आला, बंडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला, आतला मूठभर कापूस काढला. दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ओढला, सरकीपासून तंतू वेगळे केले, उजेडाला धरले. म्हणाला, "तार आखूड आहे." आजोबा काही बोलले नाहीत. पुढे वाचताना कळलं, की ती तार लँकेशायरच्या चात्यांना लागते तितकी लांब नव्हती, आणि कापूस खात्याची सारी खटपट ती लांबवण्याची होती. खरेदीदार आपलाच, वऱ्हाडी बोलणारा. त्याच्या अंगठ्यात मोजमाप मात्र तिथलं होतं.

मी न्यायाला सोडून बोलत नाही. १८८६मध्ये कारंजा लाडला देशातली पहिली नियंत्रित कापूसबाजारपेठ उभी राहिली, १८९७ला वऱ्हाडासाठी बाजाराचा कायदा झाला. काट्याची लबाडी, मनमानी कटती यांना आळा बसला. आजच्या बाजार समितीचं मूळ तिथे आहे. गिरणीला स्वच्छ माल हवा होता, त्या सोयीत शेतकऱ्याचंही थोडं भलं झालं. हेही खरं, तेही खरं.

जाताना त्यांनी काय मागे ठेवलं? पुतळे हटले, रस्त्यांची नावं बदलली. पण गावाच्या गायरानाला आपण आजही 'ई-क्लास' म्हणतो! गाई चारायची जागा, आणि नाव इंग्रजी वहीतल्या रकान्याचं. गाव म्हणायचं, ही आमची; वही म्हणाली, ही सरकारची, पाचव्या वर्गातली. रुईचा भाव आजही खंडीवर बोलतात, आणि ती खंडी ३५६ किलोची, म्हणजे जुने ७८४ पौंड. आकडा किलोत आला, माप तेच.

शेतकऱ्याला उतार कळतो. पाणी कुठून येतं, कुठे जातं, हे धुरा पाहून सांगतो. इंग्रजाने या मुलखाला एक उतार दिला. कच्चा माल बंदराकडे वाहील, पक्का माल चढून आत येईल, आणि भाव खाली कुठेतरी ठरेल. इंग्रज गेला. उतार बुजवायचं काम आपलं होतं. आपण काय केलं? २०२५च्या ऑगस्टात, पऱ्हाटी बोंडांवर यायच्या तोंडाशी, दिल्लीने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आणि सूट वर्षअखेरपर्यंत चालवली. गिरण्यांना माल स्वस्त हवा होता. रिव्हेट-कार्नॅकला हा युक्तिवाद लगेच कळला असता. तुमच्या संत्र्याचं तेच. बांगलादेशाने शुल्क वाढवलं की इकडे बागेत फळ पडून राहतं. खुर्चीवर माणूस आपला बसला, खुर्ची आहे तिथेच.

यावर उपाय नाही असं नाही. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी याच जिल्ह्यात शेतकऱ्याच्या पोरांसाठी शाळा-कॉलेजं उभी केली. उतार समजायला आधी शिकावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. सरकी काढून रुई, रुईचं सूत, सुताचं कापड, यातली एखादी पायरी जरी आपल्या गावात राहिली, तरी तेवढं पाणी आपल्या शेतात मुरतं.

आता रेल्वे या चांदूरलाही आली आहे. नरखेडच्या मार्गावर तुमचं स्टेशन आहे. त्यामुळे दोन चांदुरांत नावापुरताच फरक उरला. पण तुमच्या पाटीवर अजून बाजार आहे, म्हणून एकच सांगतो. पुढच्या आठवडी बाजाराला जाल तेव्हा स्वतःचेच शब्द कान देऊन ऐका. आपला माल विकताना आपण विचारतो, "काय देता?" आणि दुसऱ्याचा माल घेताना विचारतो, "काय घेता?" दोन्ही वेळा भाव समोरचाच सांगतो.