इंजिनीअरिंगनंतर नर्सिंगचा अर्ज

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय सुचवला होता, 'आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल'. ती वाटचाल तुम्हाला ठाऊक आहे, कारण आपल्या बॅचमधल्या निम्म्या लोकांची तीच आहे. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी विषय बदलला. गेली तीन वर्षं मी कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंगला प्रवेश मिळवायच्या खटपटीत आहे. आपल्या ग्रुपवर ही बातमी फुटली तेव्हा "एवढं इंजिनीअरिंग करून सिस्टर होणार?" असं मला तिघांनी विचारलं. दोघांनी खासगीत, एकाने सगळ्यांसमोर. तिघंही आज इथे आहेत, तेव्हा उत्तर एकदाच देते.

माझी बारा वर्षं रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्यात गेली. औषध देण्यापूर्वी नर्स रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीचा बारकोड स्कॅन करते, मग औषधाचा. दोन्ही जुळले तर पुढे जायचं, नाहीतर पडद्यावर इशारा येतो. तो इशारा दाखवणारा भाग आमच्या टीमकडे होता. काम समजून घ्यायला आम्हाला वॉर्डात बसवायचे. एका रात्रपाळीत मी पाहत होते. पडद्यावर सगळं हिरवं होतं. औषध बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर. नर्सने स्कॅनर खाली ठेवला, रुग्णाच्या घोट्यावर अंगठा दाबला, पडलेला खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते पाहिलं आणि डॉक्टरांना फोन लावला. पायांवर सूज चढत होती. आमच्या पडद्याला ते कळायचं काहीच कारण नव्हतं.

हे एकदाच घडलं असतं तर मी विसरले असते. पण दर खेपेला असं काहीतरी दिसायचं आणि ऑफिसात परत आल्यावर बटण डावीकडे ठेवायचं की उजवीकडे यावर बैठक असायची. हळूहळू मला बटणापेक्षा अंगठ्याचं काम शिकावंसं वाटायला लागलं.

आता हे कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, ते सांगते. अमेरिकेतलं पहिलं सरकारी कम्युनिटी कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी सुरू झालं. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. दोन वर्षांचे अभ्यासक्रम आणि राज्याच्या रहिवाशांना फी एका युनिटला ४६ डॉलर, म्हणजे तिथल्या मानाने अगदी कमी. कॉलेजात कुणीही नाव घालू शकतं. माझ्या शेजारच्या बाकावर अठरा वर्षांची मुलगी असते आणि मागे साठीचे ट्रकचालक आजोबा. वय कुणी विचारत नाही.

नर्सिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम या कॉलेजांत आला त्यामागे मिल्ड्रेड मॉन्टॅग नावाच्या एक नर्सिंगच्या प्राध्यापिका होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सेसची फार टंचाई होती. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधून त्यांनी हा प्रयोग सुरू केला आणि तो रुजला. दोन वर्षांची अ‍ॅसोसिएट पदवी घेतलेली आणि चार वर्षांची बी.एस्सी. केलेली, दोघींनाही नोंदणीकृत नर्स होण्यासाठी परीक्षा एकच द्यावी लागते. तिचं नाव एन्क्लेक्स. तुम्ही आधीचं उत्तर कसं दिलं ते पाहून संगणक पुढचा प्रश्न निवडतो. कुणाची परीक्षा ८५ प्रश्नांत संपते, कुणाची १५० पर्यंत लांबते. माझ्यातल्या इंजिनीअरला ही परीक्षा फार आवडते, पण तिथवर पोचायचं आहे अजून.

कारण कॉलेजचं दार उघडं असलं तरी नर्सिंगचं दार आतलं आहे आणि ते अरुंद आहे. रुग्णालयात एका शिक्षिकेच्या हाताखाली मोजकेच विद्यार्थी ठेवता येतात. त्यामुळे जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ.

अर्ज करण्याआधीच काही विषय उत्तीर्ण व्हावे लागतात. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र, तिन्ही प्रयोगशाळेसकट, शिवाय इंग्रजी लेखन. माझ्या बी.ई.च्या आठ सेमिस्टरमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. तेव्हा दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कॉलेज, असं दोन वर्षं केलं. हाताच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात, त्यांची नावं गाडी चालवताना पाठ केली. नववीत बाईंनी हृदयाची आकृती काढायला लावली होती, शुद्ध रक्त लाल पेन्सिलीने आणि अशुद्ध निळ्या. बाई, ती आकृती मी तिथल्या वहीतही तशीच काढली. पेन्सिली मात्र मुलीच्या दप्तरातून घेतल्या.

मग टीज नावाची प्रवेशपरीक्षा. वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी मिळून १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं. कॅल्क्युलस लागत नाही, कोडिंग लागत नाही. गणितात विचारतात काय, तर गुणोत्तर, प्रमाण, शेकडेवारी. बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्राम औषध आहे, द्यायचं आहे ४०० मिलिग्राम, तर किती मिलिलिटर? हे आपलं त्रैराशिक. सर सातवीत फळ्यावर मांडून द्यायचे तसंच मांडायचं आणि ८ मिलिलिटर उत्तर काढायचं. फरक इतकाच की वहीत दशांश चिन्ह चुकलं तर लाल रेघ यायची, इथे रुग्णाच्या अंगात दसपट औषध जातं.

एवढं केल्यावर अर्ज. पूर्वी कॅलिफोर्नियातली बरीच कॉलेजं जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सरळ चिठ्ठ्या टाकायची. काही अजून टाकतात. २००७ साली राज्याने कायदा करून कॉलेजांना वेगवेगळ्या निकषांवर गुण देऊन निवड करायची मुभा दिली. त्या निकषांची यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचली. विज्ञान विषयांतले गुण, आधीची पदवी, रुग्णसेवेचा अनुभव, आयुष्यातल्या अडचणी, आणि इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेवरचं प्रभुत्व. त्या भाषांत स्पॅनिश आहे, चिनी आहे, खुणांची भाषा आहे आणि भारतीय उपखंडातल्या विविध भाषाही आहेत.

म्हणजे मराठीला गुण!

१९९७ साली दहावीचा निकाल लागला तेव्हा आमच्याकडे पेढे घ्यायला आलेले पाहुणे आधी अभिनंदन करायचे आणि मग विचारायचे, "मराठी माध्यम ना? पुढे कसं होणार हिचं?" आपल्यापैकी बहुतेकांनी हे ऐकलं आहे. तर, असं होणार होतं. कॉलेजने भाषेचा पुरावा मागितला. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'प्रथम भाषा मराठी' होतंच, पण शिक्षणाचं माध्यम मराठी होतं असं शाळेचं पत्र हवं होतं. मी आपल्या कार्यालयात फोन केला. तिथल्या काकांनी जनरल रजिस्टर काढून माझा नंबर शोधला आणि दोन दिवसांत मुख्याध्यापिका बाईंच्या सहीशिक्क्याचं पत्र पाठवलं. त्याच सुमारास विद्यापीठाकडून पदवीच्या गुणपत्रिका सीलबंद पाकिटात मागवल्या होत्या. त्यासाठी माझ्या भावाने खिडकीवर चार खेपा घातल्या. भाषेचे गुण थोडेच असतात, पण एकेका गुणावर यादीतला नंबर खालीवर होतो. माझ्या अर्जात त्या पत्राची जागा बी.ई.च्या पदवीशेजारीच आहे.

भाषेला गुण का देतात, ते मला नर्सिंग होममध्ये कळलं. अनुभवासाठी मी नर्सच्या मदतनिसाचा कोर्स केला. कॅलिफोर्नियात तो १६० तासांचा असतो, त्यातले १०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ. त्यानंतर वर्षभर शनिवार-रविवार तिथेच काम केलं. काय काम? अंघोळ घालणं, दात घासून देणं, भरवणं, डायपर बदलणं, रुग्ण पलंगावर असतानाच त्याच्या खालची चादर बदलणं. ज्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर एकाच जागी दाब पडून पाठीला, टाचांना जखमा होतात. पहिल्या महिन्यात माझी कंबर भरून यायची. मग एका फिलिपिनो सहकारी ताईने शिकवलं, की ओढायचं नाही, आपले गुडघे वाकवायचे आणि माणसाचं वजन त्याच्याच अंगाने फिरू द्यायचं.

तिथे एक वृद्ध सरदारजी होते. पक्षाघातानंतर त्यांचं इंग्रजी जवळजवळ गेलं होतं. माझं पंजाबी म्हणजे शून्य. पण त्यांच्या भाषेत 'पाणी' हा शब्द आपल्यासारखाच आहे, बाणाच्या णचा. मी "पाणी?" म्हटलं आणि त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. उपचाराचं, औषधाचं बोलायचं तर प्रशिक्षित दुभाषीच लागतो, आणि ते योग्यच आहे. पण तहान दुभाषी येईपर्यंत थांबत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला मला कुणी दिला, ते. आपल्या 'ब' तुकडीतली एक मैत्रीण बारावीनंतर जी.एन.एम.ला गेली. नाव घेऊ नकोस म्हणाली आहे, पण ती इथेच आहे. तेव्हा गावात लोक तिच्या आईला म्हणायचे, "मेडिकलला नंबर नाही लागला वाटतं." आज ती सरकारी रुग्णालयात वॉर्डची इन-चार्ज आहे. मी अर्जासोबतच्या निवेदनाचा मसुदा तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "सेवा करायची इच्छा आहे असं लिहू नकोस. सगळे तेच लिहितात. तुला काय करता येतं ते लिही." मी तो कागद फाडला आणि नवा लिहिला. मला औषधाचा हिशेब येतो. मला माणसाला न दुखवता कुशीवर वळवता येतं. मला तीन भाषांत "दुखतंय का?" विचारता येतं. तो संपूर्ण अर्ज हेच विचारत होता असं नंतर माझ्या लक्षात आलं. तू कोण आहेस, तुझा पगार किती, तुझ्या हाताखाली किती माणसं, याला त्यात रकानाच नाही.

म्हणून "एवढं शिकून सिस्टर?" या प्रश्नातला 'एवढं' हा शब्द मला पटत नाही. त्या शब्दात इंजिनीअरिंग वरच्या पायरीवर आणि नर्सिंग खालच्या पायरीवर असतं. आपण दर वर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंचा फोटो लावतो आणि त्या पहिल्या शिक्षिका म्हणून भाषणं करतो. १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली आणि त्यातच त्या गेल्या, हे आपल्या भाषणांत शेवटच्या ओळीत येतं, आलं तर.

आता हिशेबाचं. निवड झाली तर दोन वर्षं पूर्णवेळ अभ्यास आणि घरात एकच पगार. त्याच वर्षी मुलगीही कॉलेजात जाणार आहे. सध्या जेवणाच्या टेबलावर एका बाजूला तिचे अर्ज आणि दुसऱ्या बाजूला माझे. नवऱ्याने सगळा खर्च एका वहीत मांडला आहे आणि नवी गाडी त्या वहीतून बाहेर गेली आहे. नंतर नर्स म्हणून जो पगार सुरू होईल तो आजच्यापेक्षा कमी असेल. हे सगळं आम्ही बोललो आहोत, एकदा नाही, पुष्कळदा. सासूबाईंना अजून पूर्ण पटलेलं नाही. पण परवा गुडघा दुखला तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या आधी मला दाखवला.

मागच्या वर्षी मी पहिला अर्ज केला. प्रवेश मिळाला नाही. यंदा नर्सिंग होममधल्या अनुभवाचे गुण वाढले आहेत आणि माझं नाव पर्यायी यादीत आहे, म्हणजे निवड झालेल्यांपैकी कुणी जागा सोडली तर क्रमाने बोलावतात. अजून बोलावणं आलेलं नाही. त्यामुळे हे यशाचं भाषण नाही, मधल्या टप्प्यावरचं आहे, हे समजून घ्या.

सर, बाई, एक विनंती करून थांबते. दहावीच्या मुलांसाठी आपल्या शाळेत करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम होतो. आपल्या बॅचमधले इंजिनीअर, सी.ए. तिथे बोलून गेले आहेत. यंदा 'ब' तुकडीतल्या आपल्या इन-चार्ज सिस्टरना बोलवा. तिला मुलींपुढेही बोलू द्या आणि मुलांपुढेही. खर्च, प्रवास, जे लागेल ते बॅचच्या निधीतून करू, मी पहिली वर्गणी देते. आणि माझं बोलावणं आलं तर ग्रुपवर कळवीनच. नाही आलं तर पुढच्या अर्जाची मुदत माझ्या कॅलेंडरात आधीच लिहिलेली आहे.